चालू गिरणीतलं बोलणं

दादा,

तुमच्या गिरणीच्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे. तुम्ही गेल्यावर भावानं दगड आणि मोटर विकायला काढली तेव्हा मला फोन करून विचारलं होतं, वडलांची आठवण म्हणून तुला काही पाहिजे का. मी नको म्हणाले. एवढा दगड इकडं सासरी निमगाव साव्याला आणून मी त्याचं काय करणार होते? आपल्या निरगुडसरला आता घरोघरी घरघंटी आली आहे, त्यामुळं कुणाची बाजरी संपली, कुणाकडं रेशनचा गहू सुरू झाला, हे दुसऱ्याला कळायचं कारणच उरलेलं नाही. तुम्हाला मात्र सगळं कळायचं. दळणाचा डबा सून घेऊन येते की सासू, सून आली तर डोळे वर करून बोलते की नाही, एखाद्या घरचं दळण एकाएकी का थांबलं, हे तुम्ही कुणाला न विचारता जाणायचात. म्हणून तर सोयरीक जुळवायला निघालेली माणसं एसटीतून उतरली की सरपंचाकडं जायच्या आधी गिरणीत यायची. भुवयांवर पीठ साचलेला माणूस दारात उभा, आणि समोर टोप्या सावरत दोन-तीन पाहुणे, हे चित्र मी शाळेतून येताना कितीदा पाहिलं असेल.

तुमची रीत सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. स्थळ चांगलं असलं की तुम्ही गिरणी बंद करायचात. पट्टा थांबायचा, घरघर बसायची, तुम्ही हात झटकत बाहेर वट्यावर यायचात आणि पाहुण्यांना चहा सांगायचात. मग घरातल्या माणसांबद्दल एकेक करून बोलायचात. स्थळात खोट असली तर मात्र गिरणी चालू राहायची. तुम्ही आतूनच, दगडांच्या घरघरीत ओरडून बोलायचात, "घर लई चांगलं हाय, पावणं. हिरीला बारमाही पाणी हाय. उसाला तर तोडच न्हाई." विहिरीचं कौतुक व्हायचं, बैलजोडीचं व्हायचं, माणसांचं नाव निघायचं नाही. पाहुणे समजायचे आणि पुढची एसटी पकडायचे. कुणाची बदनामी नाही, कुणाशी वैर नाही. एकदा तर गंमतच झाली होती. एका वाईट घराची विहीर तुम्ही अशीच वाखाणत होता आणि नेमकी लाईट गेली. गिरणी आपोआप थांबली, पाहुण्यांचे चेहरे खुलले, त्यातला एकजण टेकायला वट्यावर जागाही झाडू लागला. तुम्ही घाईघाईनं दारात आलात आणि म्हणालात, "आवो पावणं, म्या न्हाई बंद केली. लाईट गेली." दळणाला आलेल्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. पाहुणेही हसले आणि उठून गेले. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा तिला पुढचं बोलता यायचं नाही, इतकं हसू यायचं.

मला मात्र त्या गिरणीतला एक वेगळाच दिवस जास्त आठवतो. मी नववीत असेन. तुम्ही पट्ट्याला लावायला काहीतरी आणायला गेला होता आणि मी दळणं मांडून घेत होते. जुन्नरकडचे दोन पाहुणे आले. आपल्या गल्लीतल्या एका घराबद्दल त्यांनी मलाच विचारलं, आणि मी सांगून टाकलं की त्या घरातला थोरला मुलगा बायकोला मारायचा, म्हणून पहिली माहेरी निघून गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या पिशव्या उचलल्या आणि ते गेले. दोन दिवसांत गावभर झालं. तुम्ही मला गिरणीत काही बोलला नाहीत. स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, चुलीसमोर उकिडवे बसून म्हणालात, "तू खोटं बोलली न्हाईस. पर त्या घरची माणसं उद्या दळण घिऊन माझ्याच दारात येणार हायेत. त्येंच्या तोंडाकडं बघून मला दळायचं हाय." मी रडत होते, तरी विचारलं, मग त्या पोरीचं काय? तुम्ही चुलीत एक लाकूड आत सारलंत. मग म्हणालात, "त्या पोरीच्या बापाला कान हायेत." आईनं भाकरी उलटली. त्यानंतर मी गिरणीत तोंड उघडलं नाही.

आणि तरीही स्वतःच्या लेकीशी तुम्ही तसं वागला नाहीत, हे मी विसरलेले नाही. माझ्यासाठी निमगाव साव्याचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही एकटेच जाऊन आलात. कुठं काय विचारलंत ते कुणाला सांगितलं नाही. परत आलात ते थेट गिरणीत. दुपारची वेळ, दळणाला सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या, आणि तुम्ही गिरणी बंद केलीत. मला हाक मारून गव्हाच्या पोत्यावर बसवलंत आणि सगळ्यांदेखत सांगितलंत, "सासू तापट हाय. पाणी लांबनं आणावं लागतंय. पर पोरगं खोटं बोलत न्हाई आन हात उचलत न्हाई. तुला नको आसंल तर आत्ता सांग, म्या उद्या जाऊन मोडून येतो." त्या बायकांपैकी एकही दळणाची घाई करत नव्हती. लग्नात तुम्ही मला भांडी दिलीत, गादी दिलीत, पण माझ्या मनात तुम्ही दिलेली वस्तू म्हणजे ती दुपारची शांतता. सासू तुम्ही सांगितली त्याहून तापट निघाली. पण मला आधी माहीत होतं, म्हणून मी निभावलं.

तुमचं बोलणं माझ्या अंगात आलं, असं इथं सगळे म्हणतात. मी अंगणवाडीत आहे. पोरांची वजनं करते. एखाद्या पोराचं वजन घटलेलं असतं, आणि त्याची आई समोर उभी असते, दिवसभर दुसऱ्याच्या टोमॅटोत तोडणीला वाकून आलेली. तिला काय सांगायचं, तू पोराला खायला घालत नाहीस? मी म्हणते, पोरगं चपळ आहे गं, पळून पळून वजन राहत नाही, त्याला जरा अंडं देत जा. ती हसते आणि अंडं देते. हे मला येतं आणि त्याचा मला अभिमानही होता. आता त्या अभिमानाचा राग येतो. गोड बोलायला शिकले आणि गोड ऐकायला सोकावले, असं झालं माझं.

माझ्या लेकीला, तुमच्या नातीला, तुम्ही पाहिलंत ते झबल्यात. शिकली चांगली, पण लग्नाला उशीर झाला. दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली. बायका हळदीकुंकवाला आल्या की निघताना विचारायच्या, काय मग, यंदा तरी? मग नारायणगावाजवळचं हे स्थळ आलं. द्राक्षबाग, स्लॅबचं घर, दारात गाडी. आता चौकशीला कुणी गिरणीत जात नाही. मोबाइलवर बायोडाटा येतो, त्यात मुलाची उंची असते, रक्तगट असतो. चार लोकांना फोन केले तर चौघांनी चांगलंच सांगितलं. बागायतदारांच्या पोरांनासुद्धा हल्ली मुली मिळत नाहीत, दादा. त्यामुळं कुणाचं जमतंय असं दिसलं की सगळं गाव गोड बोलतं. कशाला कुणाचं मोडायचं, असं म्हणतात. मला ते कळत होतं, म्हणून मी म्हटलं, आपण एका तरी जुन्या माणसाला तोंडावर विचारू. नारायणगावच्या पेठेत कापडाचं दुकान आहे, आजोबांच्या वेळी राजस्थानातून आलेली माणसं. आमच्याकडचे सगळे बस्ते तिथंच बांधतात. त्या शेठना त्या घराची तीन पिढ्यांची माहिती होती. मी ब्लाउजपिसाचं निमित्त करून गेले.

शेठ एका गिऱ्हाइकाला पडद्याचं कापड मोजून देत होते. मी हळूच विषय काढला. त्यांनी मान वर केली नाही. मीटरपट्टीवर कापड ओढत म्हणाले, "बाग लई भारी, ताई. घर बघण्यासारखं. पाणी बारमाही." मी विचारलं, आणि माणसं? "माणसं मोठी हायेत," एवढंच म्हणाले आणि कापड मोजत राहिले. मी म्हटलं, बस्ता तुमच्याकडंच बांधायचा आहे. तेव्हा मात्र क्षणभर थांबल्यासारखे झाले. म्हणाले, "बस्त्याची घाई करू नका. दिवाळीनंतर नवा माल येतोय. तवर थांबलात तर बरं." मी म्हटलं, तिथी जवळची धरली आहे. "मग तुमची मर्जी," म्हणाले आणि त्यांनी कात्री घेतली.

कापडवाला स्वतः होऊन बस्ता पुढं ढकला म्हणतो, दादा. हे ऐकून शेंबड्या पोरालाही शंका यावी. मी मात्र जीपमध्ये बसून घरी आले आणि ह्यांना सांगितलं, शेठ चांगलं म्हणाले. मला तेव्हा कळलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असते. खरंच कळलं नव्हतं का, ते आठवायला गेले की मी उठून काहीतरी काम काढते. लग्न झालं. मांडव मोठा होता, जेवण चांगलं होतं, पाहुणे नावाजत गेले.

दिवाळीला ती आली. पहिली दिवाळी. अंगात लांब बाह्यांचा ब्लाउज. मी म्हटलं, नवी फॅशन का गं? ती हसली. दुसऱ्या दिवशी मी भाकरी करायला बसले तर म्हणाली, तू ऊठ, मी करते. पीठ मळायला तिनं बाह्या वर सारल्या, आणि मी बाजूला बसून लसूण सोलत होते. कोपराच्या वर बोटांचे डाग होते. काही जुने पिवळे, काही ताजे. मी बघतेय हे तिनं पाहिलं आणि बाह्या खाली ओढल्या, तशाच पिठाच्या हातांनी. म्हणाली, "ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले गं बागेत." मग मला काही विचारायला फट न ठेवता ती बोलतच राहिली. यंदा बाग छान फुटली आहे. घराला नवा रंग दिलाय. पाण्याला फिल्टर बसवलाय, पाणी किती गोड लागतं म्हणून सांगू. मी लसणाची पाकळी हातात धरून ऐकत होते. बाग झाली, घर झालं, पाणी झालं. माणसांचं नाव निघालं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती बालवाडीतही जात नव्हती. हे बोलणं तिला कुणी शिकवलं, दादा?

मी काय केलं? मी म्हटलं, दोन दिवस जास्त राहा की. एवढंच. ती म्हणाली, "बागेत फुटवे विरळायला बाया लावल्यात, मला गेलं पाहिजे. आणि अंधार पडायच्या आत पोचते, उसात बिबट्या दिसतोय." मी तिला चिवड्याचा डबा भरून दिला. ह्यांना रात्री सांगितलं. तुम्ही म्हणाला होता तसेच आहेत हे, खोटं बोलत नाहीत. पण म्हणाले, "तिनं तोंडानं सांगितल्याबिगर आपण कसं बोलायचं? उद्या तिलाच तिथं जड जायचं." हेही खोटं नाही. आपल्या माणसांत खोटं कुणीच बोलत नाही, दादा. सगळे जपून बोलतात, आणि त्या जपण्यात माझी लेक मार खाते.

नंतर मी पुन्हा पेठेत गेले. या वेळी निमित्त केलं नाही. शेठनी मला पाहिलं, मीटरपट्टी खाली ठेवली, नोकराला चहाला पिटाळलं आणि गादीवर जागा करून दिली. मी म्हटलं, शेठ, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "सांगितलं व्हतं की, ताई. थांबा म्हणालो व्हतो." मी म्हटलं, थांबा म्हणजे काय सांगणं झालं? माणूस कसा आहे ते का नाही बोललात? त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्येंचे सगळे बस्ते माझ्याकडं. मी बोलायचो आन तरीबी तुमचं जमायचं. मग दोन्ही घरांना मी तोंड कसं दाखवायचं?" आणि तो परत लावून, अगदी हळू, म्हणाले, "तरुणपणी मी गाठोडं घेऊन आंबेगाव तालुक्यात गावोगाव फिरायचो. दुपारचा तुमच्या वडिलांच्या वट्यावर बसायचो. माणसाला न दुखवता कसं सांगावं, ते मी तिथं शिकलो. मला वाटलं, गिरणीवाल्यांच्या लेकीला फोडून सांगायला लागतंय व्हय."

चहा आला होता. मी तो प्यायले. काय करणार? त्यांच्यावर चिडायला गेले होते, पण ज्याच्यावर चिडायचं तो माणूस कधीच गेलेला होता. दादा, मला तुमचा राग येतो. तुमच्या गिरणीबाहेर ज्यांना कळलं नाही अशी माणसं किती असतील? चांगली विहीर ऐकून आनंदानं घरी गेलेला एखादा भोळा बाप, किंवा माझ्यासारखी ऐकायचं नसलेली एखादी आई? त्यांची मुलगी त्या घरची सून होऊन दळण घेऊन तुमच्याच दारात येत असेल. तुम्ही तिच्या हातातला डबा घेत असाल, तिचे हात तुम्हाला दिसत असतील. त्या पोरीच्या बापाला कान होते, हे मनाशी म्हणून तुम्हाला झोप लागत होती का? तुमच्या नातीच्या आईलाही कान होते. कानांचा मला काही उपयोग झाला नाही. आणि राग आला की लगेच ती दुपार आठवते, पोत्यावर बसलेली मी आणि बंद पडलेली गिरणी, आणि मग तुमच्यावर धड रागावताही येत नाही. लेकीसाठी गिरणी बंद करायची असते, हे मला दाखवलेलं होतं. माझ्याच्यानं झालं नाही. मला आता काहीच सुचत नाही, हे खरं आहे. सकाळी उठते, पोरांची वजनं करते, बायकांशी गोड बोलते, घरी येते.

आज रविवार, अंगणवाडी नाही, म्हणून हे लिहायला बसले. ठरवलं होतं की लिहून मन मोकळं करायचं आणि मग तिला फोन करून सरळ विचारायचं. एवढं लिहून होतंय तोवर तिचाच फोन आला. मागं मिक्सर चालू होता. त्या आवाजात ती मोठ्यानं बोलत होती, बरी आहेस ना आई, यंदा मणी चांगले फुगलेत, व्यापारी येऊन बघून गेला. मी म्हटलं, तू कशी आहेस? म्हणाली, "मला काय झालंय?" मी म्हटलं, बाळा, मिक्सर जरा बंद कर ना, मला नीट ऐकू येत नाही. ती थांबली. मिक्सर फिरत राहिला. दगडांत धान्य नसलं की गिरणी कशी वाजते ते मी पाळण्यात असल्यापासून ऐकलंय, दादा. त्या भांड्यात काही नव्हतं. मग ती म्हणाली, आणि इतक्या हळू की खरं तर मला ऐकू यायला नको होतं, "बंद नाही करता येत गं, आई."

हे कागद मी आता बंबात घालणार आहे, ह्यांच्या हाती पडायला नकोत. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं की मी तिला पुढं काही विचारलं नाही. मी म्हणाले, बरं, आधी चटणी वाटून घे.